निरोप पाठवला की हिरवा दिवा

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारे लिहून ठेवत नाहीत आणि मग श्रेय भलतेच लाटतात. माझ्या बाबतीत तसं होणार नाही.

आमची दोन सबस्टेशनं. एक हे, एक नदीपलीकडचं. मधून हाय टेन्शन लाइन. तार तुटली की दोन्हीकडचे ब्रेकर पडायला, म्हणजे वीज बंद व्हायला हवी. एकच पडला तर दुसऱ्या बाजूने करंट येत राहतो. म्हणून इकडचा रिले, म्हणजे ब्रेकर पाडणारं यंत्र, तिकडच्या रिलेला निरोप देतो. इतकी वर्षं हा निरोप जमिनीतल्या तांब्याच्या केबलने जातोय आणि ती केबल सदा आजारी. आज साहेबांना सांगितलं, निरोप हवेतून पाठवू, वायरलेस. साहेब म्हणाले, हवेचा काय भरवसा. मी नुसता हसलो. साहेबांची रिटायरमेंट जवळ आली आहे.

१९ जानेवारी
मंजुरी मिळाली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी टीव्हीचा रिमोट चालू करून द्या. पिकतं तिथे विकत नाही.

८ फेब्रुवारी
दोन्हीकडे अँटेना चढले. आमच्या गच्चीवरून पलीकडचा टॉवर स्वच्छ दिसतो. पहिला निरोप पापणी लवायच्या आत पोचला, पोचही परत आली. पॅनेलवर दिवा बसवलाय: पोच आली तर हिरवा, नाही आली तर तांबडा. दिवसभर हिरवा होता. पलीकडच्या ऑपरेटरला सगळे काका म्हणतात. काका फोनवर म्हणाले, बरं चाललंय. काकांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

मेहुणाही येऊन बघून गेला. बायकोचा धाकटा भाऊ, लाइन गँगचा फोरमन. तुटलेल्या तारा त्यालाच जोडाव्या लागतात. त्याने विचारलं, भावोजी, म्हणजे आता तुम्ही बंद म्हणालात की बंद ना. मी म्हटलं, डोळे मिटून.

२ मार्च
फ्लॅट बुक केला. नदीकाठी नवी इमारत होतेय, त्यात सर्वांत वरचा मजला. बायको म्हणाली, इतक्या उंचावर कशाला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२५ एप्रिल
दिवा क्षणभर तांबडा. कबुतरं असणार. जाळी लावायची. (संकल्प.)

१४ मे
साइटवर जाऊन आलो. बरेच मजले झालेत. सुपरवायझर नको नको म्हणत असताना बांबूच्या शिडीने पार वर चढलो. एका बाजूला माझा अँटेना, दुसऱ्या बाजूला माझा अँटेना, मधोमध मी. ऊर भरून आला.

ऑफिसात दिवा पुन्हा तांबडा. जाळी लावून झाली, कबुतरं गेली, तांबडा गेला नाही. काका म्हणाले, सिग्नल दिवसेंदिवस दुबळा होतोय. उन्हाचा त्रास होतो या वयात.

२० जून
गुरुवारी वरचे अधिकारी पाहणीला येणार आणि दिवा धड एक तास हिरवा राहत नाही. झोप नाही, जेवण जात नाही. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. मला डॉक्टर नको, पोच हवी.

२१ जून
सुचलं. निरोप तर जातोच आहे, परत येत नाही ती पोच. म्हणजे दोष पोचेचा, निरोपाचा नाही. मग बिचाऱ्या दिव्याने पोचेची वाट का बघावी? सेटिंग बदललं. निरोप पाठवला की हिरवा. पत्र पेटीत टाकल्यावर आपण पोस्टमनच्या मागे धावतो का? पाहणी संपली की पूर्ववत करायचं. (संकल्प.)

२४ जून
पाहणी झाली. दिवा हिरवागार. टाळ्या पडल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, जुनी केबल राहू द्यायची का स्टँडबायला. मी म्हटलं, कुबड्या जवळ ठेवल्या की माणूस चालत नाही. केबल काढायचा हुकूम निघाला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. कौतुकच असावं.

९ जुलै
केबल निघाली. सेटिंग पूर्ववत करायचं राहून गेलंय. सोमवारी. काकांचा फोन: तुमच्या रोजच्या टेस्टचा निरोप इकडे कित्येक दिवसांत दिसलेला नाही. मी म्हटलं, काका, स्क्रीन पुसून बघा. त्यांनी फोन ठेवला. म्हातारी माणसं चिडकी होतात.

२ ऑगस्ट
आमच्या मजल्याचा स्लॅब भरून झाला. सेटिंग या आठवड्यात नक्की.

११ ऑगस्ट, दुपार
वाऱ्याने तार तुटून ओढ्याकाठी पडली. आमचा ब्रेकर लगेच पडला, निरोप गेला, दिवा हिरवा. मेहुण्याचा ओढ्यावरून फोन. नियमाने त्याने आधी टेस्टरचा दांडा लावून तारेत वीज आहे का बघायचं, मग अर्थिंग करून तार जमिनीला जोडायची, मग हात. पण वारा दांडा धरू देत नव्हता. त्याने विचारलं, भावोजी, बंद आहे ना. मी दिव्याकडे पाहिलं. म्हटलं, दोन्हीकडून बंद. बिनधास्त घाल हात.

याला म्हणतात कष्टाचं चीज.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
मेहुणा घरी आला, गुडघ्यापर्यंत चिखल. ऑफिसने दिलेल्या बुटांना शिव्या देत होता. माझा फोन ठेवून तारेकडे निघाला आणि बूट चिखलात रुतला. ओढतोय, ओढतोय, निघेना. गँग खो खो हसतेय. शेवटी बूट तिथेच सोडून एका मोज्यावर गेला आणि तार उचलली. बायकोच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसलो. तो म्हणाला, दांडा लावलाच नाही, भावोजींनी सांगितल्यावर काय बघायचं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही.

१२ ऑगस्ट
अहवालासाठी दोन्हीकडचं रेकॉर्ड मागवलं. पलीकडे निरोप पोचलाच नाही. तिकडचा ब्रेकर आपणहून पडलाच नाही. काकांना मीटरचा काटा चढलेला दिसला. त्यांनी मला फोन लावला, तो लागेना, कारण मी मेहुण्याशी बोलत होतो. मग त्यांनी हाताने ब्रेकर पाडला. माझं बोलणं संपल्यानंतर.

म्हणजे मी घाल हात म्हणालो तेव्हा तार जिवंत होती. तो बूट ओढत होता तेव्हाही.

दोन्हीकडची घड्याळं चुकीची असतील म्हणून तपासली. बरोबर आहेत. मला भीती वाटतेय.

१३ ऑगस्ट
साहेब मला गच्चीवर घेऊन गेले, अँटेनाशेजारी उभं केलं आणि म्हणाले, पलीकडचा टॉवर दाखवा. दिसेना. बरोबर मध्ये इमारत. साहेबांनी विचारलं, कोणाची ही. मी म्हटलं, सर्वांत वरचा मजला माझा. ते जिना उतरले.

१४ ऑगस्ट
केबल पुन्हा टाकायची. कुबड्यांचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे.

१६ ऑगस्ट
मेहुण्याला सांगायला गेलो होतो. तो लेकीला पाठीवर बसवून घोडा घोडा करत होता. अशा वेळी बरं दिसलं नसतं. उद्या.

१७ ऑगस्ट
उद्या.

१९ ऑगस्ट
दुपारी मेहुण्याचा फोन. तीच लाइन, दुसरा खांब. म्हणाला, भावोजी, बंद आहे ना, तेवढं सांगा. मी म्हटलं, मला माहीत नाही. दांडा लावून बघ. तो हसला, म्हणाला, चेष्टा नको, पोरं खोळंबलीत. मी पुन्हा तेच सांगितलं. त्याने पोरांना थांबायला सांगितलं. मग मला विचारलं, त्या दिवशी तरी माहीत होतं ना.

मी म्हटलं, नाही.