बटण लागत नाही

अहो,

तुम्ही शेतातून येईपर्यंत मला थांबवेना. नानांना घेऊन साडेनऊच्या एसटीने धुळ्याला जाते आहे. आक्कांना सांगा, लोकर आणायला गेलो. नानांनाही मी तेच सांगितलंय. भाकरी टोपल्यात आहेत. दूध उतू गेलं, स्टोव्ह पुसायचा राहिला.

काल नानांसाठी विणलेल्या गळपट्टीचं बटण लागेना तेव्हा तुम्ही हसलात. माझी वीण घट्ट, नाहीतर लोकर आटली म्हणालात. ती अजून पाण्यात बुडालीसुद्धा नाही! मुलगा हसला म्हणून नानाही हसले, पण नंतर मला हळूच विचारलं, "मनी मान जाडी व्हयनी का व पोरी?"

दिवाळीत त्यांच्या गळ्याचं माप घेतलेला दोरा सुयांच्या डब्यात होता. आज चहा देताना तोच पुन्हा लावून पाहिला. दोन बोटं कमी पडतो. डाव्या कानाखाली हाताला गाठीसारखं लागतं. दुखत नाही म्हणतात.

घशाच्या डॉक्टरांना दाखवूनच येईन. उशीर झाला तर चिडू नका. गळपट्टी खुंटीवर आहे, ती आक्कांना उसवू देऊ नका. टाके मी तीनदा मोजलेत. दिवाळीच्या मापाप्रमाणे साठच आहेत.

सिंधू