मोंताल्बाचा पाऊस

मोंताल्बा, स्पेन
२ जुलै २००७

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मेडनहेडच्या ऑफिसातून इथे पोचलं. माझी पत्रंही ऑफिसच्या बॅगेतूनच जातात, म्हणून तिकिटावर इंग्लंडची राणी दिसते, हे मागे लिहिलंच आहे. आई उशीला टेकून बसायला लागली हे ऋजुताला कळवलं, तर तुमच्या सुनेने म्हणे लगेच देवापुढे साखर ठेवली. जूनच्या सुरुवातीला तुमचा फोन आला आणि आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं असं कळलं, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. यायला हवं होतं, कळतं मला. पण इथल्या बँकेचं सॉफ्टवेअर नेमकं आत्ताच बदलायचं होतं आणि क्लायंट काही केल्या सोडत नाही. डोंगरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा.

तिने गावाची माहिती विचारली होती. मोंताल्बा समुद्रसपाटीपासून अकराशे पन्नास मीटरवर आहे, वस्ती जेमतेम दोन हजार. भोवती मूर लोकांनी बांधलेला तट आहे. बाराव्या शतकात ख्रिस्ती राजाने गाव जिंकलं आणि मशिदीच्या जागी चर्च उभं राहिलं. पुढे लोकरीच्या व्यापारावर भरभराट झाली, मग मेंढ्या गेल्या आणि भरभराटही गेली. नदीवर तीन कमानींचा रोमन पूल आहे, चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी आहेत. चौकातलं घड्याळ प्रत्येक तासाचे टोल दोनदा देतं. पहिल्यांदा ज्यांनी ऐकले नसतील त्यांच्यासाठी.

हवेचं म्हणाल तर नुसता वैताग. दहा दिवस झिमझिम थांबायला तयार नाही. टॉवेल वाळत नाहीत, बुटांना कुबट वास येतो. आत्ता लिहितानाही खिडकीवरून पाणी ओघळतंय.

आईच्या पायाला तेल कोण लावतं? मी तिथे असतो तर... जाऊ दे, कुठल्या तोंडाने लिहू?

लोभ आहेच, माझ्या वागण्याने तो आटू देऊ नये.

आपला,
अवधूत


दहिवडी
१३ जुलै २००७

चि. अवधूत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महिन्याभरातलं तुझं हे तिसरं पत्र. तुझ्या आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीलाही ऐकवायला लावलं. आता त्या मुलीलाही मोंताल्बाचे करकोचे तोंडपाठ झालेत. शाळेतून निवृत्त होताना मला दिलेला युरोपचा जुना नकाशा माळ्यावरून काढून पलंगासमोर टांगला आहे. अंदाजाने टाचणी लावली. सकाळी डोळे उघडले की ही आधी टाचणी बघते, मग मला.

पायाला तेल मीच लावतो. माझा हात फळा पुसल्यासारखा फिरतो अशी तक्रार आहे. तक्रार स्पष्ट शब्दांत करते, त्यावरून जीभ सुधारली म्हणायची.

तिचे प्रश्न असे. घड्याळ दोनदा वाजतं तर लोकांची झोपमोड होत नाही का? करकोचे पिलांना काय भरवतात? बायका धुणं नदीवर नेतात का? सवडीने कळव.

माझी एकच शंका. स्पेनचं मधलं पठार हे आपल्या माणदेशाचं सख्खं भावंड. ढग डोंगरापलीकडे रिकामे होतात आणि इकडे नुसते मिरवायला येतात. जुलैत तिथली माती भाजून निघते, असं मी चौतीस वर्षं शिकवलं. तिथे दहा दिवस झिमझिम म्हणजे नवलच! पाऊस पुन्हा एकदा नीट बघून कळव. इंग्लंडात मात्र यंदा पावसाने कहर केल्याचं पेपरात आलं आहे. ऋजुता एकटी आहे, तिची चौकशी करत जा.

इकडची काळजी करू नकोस. आहे ते ठीक आहे.

तुझा,
बाबा


मेडनहेड
२४ जुलै २००७

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

सवयीने वर मोंताल्बा लिहिलं होतं, ते खोडून मेडनहेड केलंय. बाबा, मी स्पेनला गेलेलोच नाही. या घरातून कुठेच गेलेलो नाही. ऋजुता इथेच, समोर बसली आहे आणि मी हे पत्र पुरं करेपर्यंत उठणार नाही असं तिने बजावलंय. पहिल्या पत्रापासून ती मला खरं लिही असंच सांगत होती.

पाच वर्षं झाली म्हणून आम्ही मे महिन्यात इथे कायमचं राहण्याचा अर्ज केला. दोघांचे पासपोर्ट अर्जासोबत गेले. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाता येत नाही. पासपोर्ट परत मागवता येतात, पण मग अर्ज मागे घेतला असं धरतात. आईचं कळलं त्याच दिवशी परत मागवायचं पत्र लिहिलं, पाकिटावर तिकीट लावलं. पेटीत टाकलं नाही. ते पाकीट अजून किचनमध्ये टोस्टरच्या मागे आहे. रोज सकाळी पाव भाजताना दिसतं. आई अंथरुणाला खिळलेली आणि मी एका शिक्क्यासाठी घरात बसून राहिलो, हे तुम्हाला सांगायची लाज वाटली. फोनवर खोटं बोलवत नव्हतं, म्हणून पत्र लिहायला लागलो.

गाव लायब्ररीतल्या पुस्तकातलं आहे. तट, पूल, करकोचे, सगळं त्यातलं. पाऊस मात्र मेडनहेडचा. खिडकीतून दिसला तो लिहिला. शुक्रवारी तर असा कोसळला की थेम्स फुगलीय, ट्रेन्स बंद. भूगोलाच्या मास्तरांना फसवायला निघालो आणि हवामानाचं पानच वाचलं नाही, इतका मी मूर्ख!

तुम्ही सांगा बाबा. म्हणाल तर उद्या सकाळी पाकीट टाकतो, अर्ज गेला तर गेला. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नका. तिच्या जिवाला लागेल.

रागवा, पण लिहायचं थांबवू नका.

आपला अपराधी,
अवधूत


दहिवडी
५ ऑगस्ट २००७

चि. अवधूत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू स्पेनात नाहीस हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात समजलं. तिन्ही पत्रांत पाऊस. हिला वाचून दाखवताना मी तो गाळत होतो. तुझे टॉवेल मी कडकडीत वाळवले, चौकात ऊन टाकलं, एकदा तर संध्याकाळचा गार वाराही सोडला. तेव्हा थापा मारण्यात मी तुझ्या पुढेच आहे.

पण राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाकीट टाकू की नको हे मला विचारतोस? अरे, मी जन्मभर पोरांचे पेपर तपासले, त्यांच्यासाठी लिहिले नाहीत. मला विचारशील तर ये. पण माझ्या सांगण्यावर येऊ नकोस.

आता खरं सांगतो. तुझं पत्र घेऊन नेहमीसारखा बसलो आणि मोंताल्बात ऊन पडलंय अशी सुरुवात केली, तर ही म्हणाली पुरे झालं आता. माझ्या हातातून कागद काढून घेतला. अडवायचा धीर झाला नाही. सावकाश, सगळा वाचला. मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो. मग तिने पेन मागितलं. खालचं तिचं आहे. मी वाचलेलं नाही.

तुझा,
बाबा

चि. अवधूत,
आशीर्वाद. उजवा हात चालतो, मांडीवर पाट घेऊन लिहिते. अक्षर हसण्यासारखं आहे, हस.

तू तिकडे गेला नाहीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं. नववीच्या सहलीतून तू कार्ड टाकलं होतंस, त्यात प्रतापगडाला एक ओळ होती आणि पिठल्याला सात. या तीन पत्रांत तू कुठे काही खाल्लंच नाहीस. यांना पावसावरून कळलं म्हणे. त्यांना काय, ढगच दिसतात.

मी बोलले नाही. इंग्लंडात होतास तेव्हा वर्षाला एखादं पत्र यायचं, तेही दिवाळीचं. त्या गावाला गेलास आणि महिन्यात तीन आली. मी सांगितलं असतं तर ती थांबली असती.

हे म्हणतात, ये असं लिही. मी नाही लिहिणार. मी ये म्हटलं आणि तू आला नाहीस, तर ते टोस्टरमागचं पाकीट तुला जन्मभर दिसेल. तुझं तू ठरव, आणि ऋजुताला बोल लावू नकोस.

नाहीच जमलं तर त्याच गावात राहा. टाचणी मी काढू दिलेली नाही. पण पुढच्या पत्रात काय जेवलास ते लिही.

आई