ओवाळलेली घरघंटी

सातारा,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. वीरधवल यास,

जोतीराम दाजींचे आशीर्वाद. तुझी कंबर, सासूबाईंचे गुडघे आणि तुमच्या सांगलीतलं कृष्णेचं पाणी ही तिन्ही सध्या जागेवर आहेत असं धरून चालतो. हे सगळं मोबाइलवरही लिहिता आलं असतं, पण तिथं तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाचावं.

आधी या घरात मी माझ्या हातानं काय काय केलं त्याची आठवण करून देतो, कारण तुझ्या वागण्यावरून तुला तिचा विसर पडलेला दिसतो. गच्चीवरचा, जुन्या फ्रिजच्या नळ्यांचा, उन्हावर पाणी तापवायचा बंब. (तापतं. मार्च ते मे तर फार छान तापतं.) भिंतीत घडी होऊन बसणारं इस्त्रीचं टेबल. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा, ज्याला मी कूलरची मोटर लावली असल्यामुळं तो धुराबरोबर पापडही ओढतो. आणि जिन्याखालची चक्की. दगड पाटणच्या मामींच्या जात्याचे, मोटर भंगारातली, पट्टा मोटारसायकलच्या ट्यूबचा, अक्कल माझी. एमआयडीसीत स्टोअर सांभाळता सांभाळता नुसतं बघून शिकलेल्या माणसानं याहून जास्त काय करायचं? तिच्या पिठात थोडी कचकच लागते हे खरं आहे. ती खनिजं आहेत. मी तुझ्या अक्काला तसं सांगितलंही होतं.

घरघंटी हवी, हे तुझी अक्का लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होती. गिरणीत तिच्या गव्हाआधी कुणाची तरी ज्वारी दळलेली असते आणि पोळी काळपट होते, ही तिची तक्रार. ती म्हणाली, विकत घेऊ. मी म्हणालो, बनवतो. यात चूक काय ते मला आजही कुणी समजावून दिलेलं नाही. चक्कीचं थोडंच काम राहिलं होतं, आणि ते गेली काही वर्षं थोडंच राहिलं आहे.

अशात भाऊबीजेला सकाळी दारात टेम्पो. ड्रायव्हर म्हणतो, "संयोगिताबाई हितंच राहत्यात न्हवं? वजन लय हाय, जरा हात लावा." मी हात लावला. (म्हणजे ती घरघंटी घरात आणण्याच्या पापात निम्मा वाटा माझा.) आणि खोका फोडतो न फोडतो तोच तुझा फोन: "अक्का, औंदा यायला जमंना, म्हनून ओवाळणी फुडं धाडली बघ." तुझ्या अक्कानं पदरानं झाकणावरची धूळ पुसली. धूळ नव्हती रे, खोका आत्ताच फोडला होता.

आता खरं प्रकरण ऐक. भाऊ आला नाही की बायका चंद्राला ओवाळतात. ही रीत मला मान्य आहे, कारण चंद्र नंतर आपल्या घरी जातो. यंदा तुझ्या अक्कानं चंद्राची वाट पाहिली नाही. घरघंटीपुढं पाट मांडला, रांगोळी काढली, यंत्राच्या कपाळाला (बटणांच्या वर) कुंकू लावलं आणि ओवाळताना डोकं उघडं नको म्हणून माझी टोपी तिच्यावर ठेवली! मी म्हणालो, एवढी महागाची वस्तू घेणं बरं नव्हे, परत पाठवू. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पाठवा की. पर आवं, ववाळलेल्या भावाला दारातनं माघारी लावायचं तर ते तुमीच त्याला सांगा. मी न्हाई सांगायची."

म्हणजे कायदेशीरदृष्ट्या ते यंत्र आता माझा मेहुणा आहे. तू निदान दोन दिवसांनी जातोस.

सरळ मार्ग बंद झाल्यावर मी ठरवलं, यंत्रातला दोष शोधायचा. सदोष मेहुणा परत करता येतो. तुझी अक्का मंडईत गेल्यावर मी मागची बाजू उघडली. हवा जिथून बाहेर पडते तिथं त्या लोकांनी कापडी पिशवी बांधली आहे. यंत्राचा श्वास कोंडत होता, म्हणून मी ती काढून ठेवली. मग तू सोबत धाडलेली सांगलीची हळकुंडं घेतली. हळकुंडं आधी कुटून बारीक करून घ्यावीत असं पुस्तिकेत छापलं आहे, पण कुटूनच घालायची तर यंत्र कशाला? मी अख्खी ओतली.

आधी रस्त्यावर खडी पडल्यासारखा आवाज झाला. मग आत काहीतरी टर्रकन फाटलं. आणि मागून पिवळा लोट जो निघाला त्यात मला माझे हात दिसेनात. सुदैवानं मला पंख्याची आठवण झाली. तो लावला. त्यानं आपलं काम चोख केलं. सगळी हळद खिडकीतून शेजारच्या सुभेदारांच्या अंगणात, जिथं ते पेन्शनीत गेल्यापासून रोज करतात तसा पांढऱ्या बनियनवर प्राणायाम करत होते, आणि नेमके श्वास आत घेत होते. त्यांच्या अंबूबाई कुंपणाशी येऊन ओरडल्या, "आवं भावजी, कुनाची हळद काढलीया? आमच्या म्हाताऱ्याला तर पुरी लागली बगा, आता नवरी तेवढी दावा!"

तुझी अक्का परत आली तेव्हा मी, ओटा, मांजर आणि भिंतीवरचं कॅलेंडर एका रंगाचे होतो. तिनं पिशवी खाली ठेवली, यंत्र पुसलं, पुस्तिका उघडून (ती तिनं आधीच दोनदा वाचली होती) कापडी पिशवी परत बांधली, दुसरी जाळी बसवली, मूठभर तांदूळ फिरवून आतली हळद काढली आणि गहू दळले.

पोळ्या पिवळसर झाल्या, पण मऊ. कचकच अजिबात नाही, त्यामुळं जेवताना कशाकडं लक्ष द्यावं ते कळत नाही. मी पाच खाल्ल्या. तपासणी म्हणून. तेवढ्यात ती म्हणाली, "ल्हानपनी आमच्या आईच्या हातची पोळी आशी लागायची." आणि पाठ फिरवून बराच वेळ तवाच घासत बसली.

तरी माझं मत बदललेलं नाही हे तू नीट समजून घे. या घरात वस्तू बनवल्या जातात, आणल्या जात नाहीत. तेव्हा येत्या रविवारी टेम्पो घेऊन यावं आणि आपला हा दुसरा अवतार घेऊन जावा.

तुझा,
जोतीराम दाजी

ता. क. टेम्पो नको. एसटीनंच ये. येताना बारीक पिठाची, एक नंबरची जाळी घेऊन ये. तुझ्यासाठी बेसनाचे लाडू करायचं अक्काच्या मनात आहे आणि ती जाळी फाटकी आहे. दुकानातूनच फाटकी आली असं मी तिला सांगितलं आहे, तेव्हा नवी मिठाईच्या खोक्यातून आण आणि आधी माझ्या हातात दे.

ता. क. २. जिन्याखालच्या चक्कीवर सध्या कांद्याची टोपली आहे. तू काही विचारू नकोस.

ता. क. ३. काल अंबूबाई ज्वारी दळून घेऊन गेल्या आणि संध्याकाळी स्वतः सुभेदार आले. अजून कानामागं पिवळे आहेत. म्हणाले, "तुमाला नगं आसंल तर मशीन आमाला द्या, जोतीराम. सतरा हजार, आत्ता, रोख." पैसे खिशातून काढूनच आले होते. तुझी अक्का दारातच उभी होती. मी नाही म्हणालो.