देवीपुढं मांडलेली पुस्तकं

आणि तुम्ही काय केलंत, अण्णा? शाळेतून आणलेलं गोष्टींचं पुस्तक माझ्या हातातून ओढलंत आणि मास्तरांच्या टेबलावर नेऊन आपटलंत. "पोरीला असलं देऊ नका, हिला काजं-बटणं शिकायचीत." चौथीतच माझी शाळा संपली. बाप म्हणून तेव्हा उलट बोलले नाही. आता बोलते. मेलात म्हणून सुटलात असं समजू नका.

यंदा सरकारनंही तेच आरंभलं. नवा कायदा येणार म्हणे, सरकारी शाळेत अभ्यासाखेरीज एक पुस्तक ठेवायचं तरी वरच्या कमिटीचा शिक्का पाहिजे. तुमची नात सातवीत आहे. यशवंतपूरच्या आमच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट, त्यातलं वाचून ती रोज मला ऐकवते. कायदा अजून पास व्हायचा होता, तरी दसऱ्याच्या तोंडावर शिक्षण खात्याचा साहेब कपाटाला सील ठोकायला येणार असं कळलं. बाकीच्या आया रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "रडताय काय? फुलं आणा!"

आयुधपूजेला शिलाई मशीनला हार घातलात की पूजा उठेपर्यंत तुम्ही चाकाला बोट लावू द्यायचा नाहीत. गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही. तेच आठवलं मला. आम्ही कपाट रिकामं केलं. कन्नड, मराठी, उर्दू, सगळी पुस्तकं सरस्वतीपुढं मांडली आणि वर शेवंती वाहिली. साहेब आला. "अक्का, स्वल्प बाजूला व्हा." म्हटलं, "सरी, बरं, होते. पण पूजा दशमीला उठते. त्याआधी तुम्ही उचलणार? उचला, बघू." त्यानं बूट काढले, हात जोडले, प्रसादाची उसळ खाल्ली नि गेला! मग आमदाराला आरतीला बोलावलं. ताट हातात दिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ह्यातलं कुठलं पुस्तक आमच्या पोरांना नको, ते देवीसमोर सांगा." घाम पुसत म्हणाला, "कुठलंच नाही, अक्का." "मग विधानसौधात, कायदा मांडतील तेव्हा, हेच बोला." बोलला की! इतर गावांतले मास्तर, आयाही उठल्याच होत्या. काल एसटीडी बूथवाला रस्त्यातूनच ओरडला, कायदा मागं घेतला. जिंकलो, अण्णा! आज कपाटापुढं पोरांची ही ढकलाढकली.

बातमी ऐकली आणि आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, ह्याचाच मला राग येतोय. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, ठाऊक आहे. तरी उत्तर पाहिजे. त्या दिवशी तुम्ही असता, तर साहेबाच्या बाजूला उभे राहिला असता की माझ्या? स्वप्नात येऊन सांगा. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वाट बघते, पुढं नाही.