वास नसलेला वायू

प्रिय अयोध्या,

भोकरची शाळा कशी आहे? मुलं नव्या बाईंना घाबरतात, की बाईच मुलांना?

इकडे नांदेडच्या प्रयोगशाळेत आल्यापासून मी ज्या पोलादी नळीपुढे बसून आहे ना, तिच्यातून एकदाचं मेण आलं! एका बाजूने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडायचे, आत कोबाल्टची भुकटी, वरून उष्णता आणि दाब. आत जाताना डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्या टोकाला डिझेलसारखं तेल आणि पांढरं मेण! भुकटीच्या कणांवर कार्बनला कार्बन जोडत साखळी वाढत जाते, भुकटी मात्र संपत नाही. साखळीने थांबायचं कुठे, हे कोण ठरवतं? सध्या डोक्यात तेवढंच. सर म्हणतात, पुढे हे वायू सोयाबीनच्या भुसकटापासून करू. लातूरकडे त्याला काय तोटा!

यातला कार्बन मोनॉक्साइड फार घातकी. रंग नाही, वास नाही. म्हणून तो हवेत आला की वाजणारा डिटेक्टर आम्ही जवळ बाळगतो. रविवारी अहमदपूरला गेले तेव्हा तो चुकून पिशवीतच राहिला. काकांना भेटायला तुमच्याकडे गेले. थंडीमुळे कपडे इस्त्री करायच्या खोलीचं दार लावलेलं, आत शेगडीत निखारे. दार ढकललं आणि पिशवी किंचाळायलाच लागली. वाटलं, बिघडला. मग काका दिसले, भिंतीला टेकून, अर्धवट शुद्धीत. शेजारच्या केवळाबाईंना हाक मारली, दोघींनी ओढत अंगणात आणलं. निखाऱ्यांतून तोच वायू बंद खोलीत साठला होता. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. आता ते बरे आहेत, खरंच.

परतताना एसटीत आठवलं. बारावीला ऊब म्हणून आपण त्याच खोलीत अभ्यास करायचो. डोकं ठणकायचं, बाहेर आलो की थांबायचं. आणि आपण दोष द्यायचो गणिताला!

“नव्या नोकरीवर हाय माझी लेक, तिला सांगू नगंस,” असं काकांनी बजावलंय. गप्पच बसणार होते. पण आज सकाळी केवळाबाईंचा फोन आला, काका पुन्हा दार लावायला निघालेत. म्हणतात, “वाऱ्यानं कोळसा भराभर जळतो.” डॉक्टरांचं नाही, माझं नाही, ते फक्त तुझं ऐकतात. फोनवर सांगितलं असतं तर घाबरून पुढचं काही ऐकलं नसतंस, म्हणून भोकरला निघालेल्या जावेदभाईच्या हाती हे पत्र. त्याच्याच जीपमध्ये बस आणि घरी नीघ. तोवर केवळाबाई उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसल्यात, दार लावू देत नाहीत.

तुझीच,
नाझनीन