मायीच्या अंबाड्यासाठी आकडा

माझ्या मायीला, शिवकन्याचा परभणीच्या होस्टेलातून दोन्ही हात जोडून नमस्कार.

माय, आज मी एका आकड्यावर सगळा अंबाडा घातला. माझे हे मुठीत न मावणारे केस, अन् रबर न्हाई, चाप न्हाई. नुसता दोन दातांचा लाकडी आकडा. दिवसभर कॉलेजात जरासुद्धा हालला न्हाई.

पहिल्यांदा आपल्या सवयीनं तेल चोपडून बसले, तर आकडा घसरून मेसच्या वरणात पडला. खोलीतली राजेश्री लय हसली. मग तिनंच शिकवलं, आकडा कोरड्या केसातच धरतो.

तुझा खांदा कसा हाय? हात वर जायलाय का? शेजारच्या कासाकाकूला रोज अंबाडा घालायला बोलवायचं जिवावर येतं, म्हणून केस कापते म्हणलीस फोनवर. कापू नको. या पत्रासंगं तुझ्यासाठी पण आकडा पाठवलाय.

आप्पा, पत्र तुमीच वाचून दाखवत असाल, म्हणून आता तुमाला सांगते. दोराला देता तसा मायीच्या केसांना पीळ द्या अन् त्याचं वेटोळं मानेवर बसवा. आकड्यानं कडेचे थोडे केस उचला, आकडा उलटा फिरवा अन् डोक्याला लागून आत सारा. दावं आवळता तसं आवळू नका. ती लाजंल, दार लोटून घ्या.

माय, पहिल्या दिवशी सैल बसला तरी त्यांना काही म्हणू नको. तसाच मिरव.

तुमा दोघांची,
शिवकन्या