अण्णांना चार वाजता काय होतं

३ फेब्रुवारी
मुंबईहून बोर्लीला अण्णांकडे येऊन दीड महिना. अण्णांचा डिमेन्शिया वाढलाय. रोज दुपारी चारला दार बडवतात, मला काठी दाखवतात. बायको, रचना, म्हणते, वडील आहेत तुझे, जरा बोलत बस. बोलून काय कळणार? मनगटाचा सेन्सर-पट्टा मागवलाय. नाडी, घाम, हालचाल मोजतो, ठिकाणही दाखवतो. चिडण्याचं कारण ॲप शोधतं. आठ दिवसांत विषय संपवणार.

५ फेब्रुवारी
पट्टा बांधला. अण्णांनी विचारलं, किती वाजले? म्हटलं, हे घड्याळ नाही. मग बांधलंस कशाला, म्हणाले. तर्कशक्ती शाबूत. नोंद केली.

८ फेब्रुवारी, दु. ४.१०
आलेख लाल. ॲप विचारतं: भूक, वेदना की आवाज? भूक दाबलं. उपमा दिला. उपमा माझ्या शर्टावर.

९ फेब्रुवारी
वेदना दाबलं. गुडघ्याला तेल लावायला गेलो. काठी. फारशी लागली नाही.

१२ फेब्रुवारी
यश! दिवसभर आलेख हिरवा, सपाट. दार बडवल्याचा आवाज येत होता, पण आकडे स्पष्ट आहेत. नाडी शून्य दिसली, ती किरकोळ चूक धरली.
संध्याकाळी पट्टा तांदळाच्या डब्यात सापडला.

१५ फेब्रुवारी
कामाला येणाऱ्या आवडाबाई म्हणाल्या, "चारला सुपारीची वाडी शिंपायला जायचे ना अण्णा! तुम्ही पंपाला टायमर लावलात. आता त्यांनी करायचं काय?" त्यांना समजावलं, असं अंदाजाने नसतं, डेटा लागतो.

१७ फेब्रुवारी
ऑफिसची ऑनलाइन मीटिंग संपवून बाहेर आलो तर दार उघडं. अण्णा नाहीत. ॲपवर त्यांचं ठिकाण: समुद्र. स्कूटरने दिवेआगरचा किनारा गाठला, हाका मारत फिरलो. चपलांसकट पाण्यात शिरलो. ऊन फार होतं.
रचनाचा फोन आला. अण्णा मागच्या वाडीतच, आवडाबाईंबरोबर, पाइप धरून सुपारीला पाणी घालत होते. पाऊण तास. एकदाही चिडले नाहीत.

१८ फेब्रुवारी
टायमर काढला. ॲपला कारण कळवायला गेलो. यादीत 'शिंपणं' नाही. कंपनीला सविस्तर लिहिणार.
चारला पट्टा तपासायला वाडीत गेलो. अण्णांनी आवडाबाईंना हळूच विचारलं, "हा मीटरवाला रोज का येतो?"
त्या म्हणाल्या, "अहो, यशोधन तो. तुमचा मुलगा."
अण्णा हसले. म्हणाले, "छे. तो मुंबईला असतो. त्याला कुठला वेळ?"
पट्टा तपासायचा राहिला.